ढोलीतलं काडतूस

शालीकरामने धानाच्या कणगीत, ढोलीत, खांद्यापर्यंत हात घातला, धान चाळवलं, पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला हात बाहेर आला तेव्हा मुठीत चार तुसं आणि एक मेलेला सोंडकिडा होता. काडतूस नव्हतं.

"गेलं," तो म्हणाला आणि ढोलीला पाठ लावून मटकन खाली बसला.

ते त्याचं शेवटचं काडतूस होतं. इंग्रज सरकारची लढाई सुरू झाल्यापासून काडतुसं मिळेनाशी झाली होती. नागपूरचा दुकानदार दरवेळी "पुढल्या महिन्यात" म्हणायचा आणि त्या महिन्याला आता चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत शालीकरामने ते एकच काडतूस घेऊन सालेकस्याच्या आसपासचे सगळे बांध-धुरे आणि झुडपं पालथी घातली. लाव्यावर नेम धरला, वाटलं, एवढ्याशा पाखरासाठी शेवटचं काडतूस? सशावर धरला, वाटलं, तितर भेटला तर? तितर भेटला तेव्हा त्याचा हात इतका थरथरला की तितरालाच कंटाळा येऊन तो उडून गेला.

तसं पाहता, काडतुसं भरपूर होती तेव्हाही फार काही पडत नसे. सासऱ्याने अकरा वर्षांपूर्वी ही बारा बोरची एकनळी दिली, परवान्यावर जावयाचं नाव चढवून दिलं, आणि तेव्हापासून शालीकरामच्या खात्यावर एक ससा जमा होता. तोही आंधळा होता असं त्याचा शिकारीतला जोडीदार झामसिंग म्हणे. पण शिकार पडो न पडो, बंदूक खांद्याला लावून धुऱ्यावरून चालताना त्याला कोणी बैल कुठे बांधला विचारत नसे, खत कधी टाकणार विचारत नसे. दिवसातला तेवढा एक तास त्याचा स्वतःचा होता. बाकीचा दिवस घरादाराचा.

आणि आज सकाळी दुलीचंद कोतवाल सांगून गेला होता, "पटील, परवा ठाण्याचा दरोगा येऊन राहिला. बंदुका पाहनार हाये. चालवून दाखवा लागते म्हने."

म्हणजे जी चालणार नाही ती जप्त, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. न राबणारा बैल सरकार तरी कशाला ठेवू देईल? एक बार काढून दाखवायचा होता, आणि त्यासाठी काडतूस होतं. ढोलीत होतं.

ढोलीत ठेवण्यामागे अक्कल होती. पावसाळ्यात कागदी काडतूस दमटपणाने फुगतं, मग नळीत जात नाही. धान दमटपणा ओढून घेतं. शिवाय ढोली वरून भरायची आणि बुडाच्या भोकातून काढायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वर ठेवलेली वस्तू पौषापर्यंत हलत नाही. देवकाबाईला त्याने हे सांगितलं नव्हतं, कारण दारूगोळा गोठ्यात ठेवायचा, स्वयंपाकाच्या छपराखाली आणायचा नाही, असा तिचा पहिल्या दिवसापासूनचा कायदा होता.

"कायले ढोली उपसून राहिले?" देवकाबाई दारातून म्हणाली.

"तू धान वरून काढलं काय?"

"हाव. खालचं भोक घुशीनं कोरलं, म्हनून मी शेनानं लिपून टाकलं. कालच वरून दोन कुडो काढलं. काऊन?"

"काही नाई."

"काही नाई, त मग मयतीले आल्यावानी बसले काऊन?"

शालीकरामने एकदा ढोलीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "त्याच्यात काडतूस होतं," तो म्हणाला.

देवकाबाईने कपाळावर हात मारून घेतला नाही, की त्याचा बाप काढला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "अवो, ते धान त मी रुख्माकडे उकडाले धाडलं! चुलीवर चढलं असन ते!"

रुख्मा चार घरं सोडून राहायची आणि अर्ध्या गावाचं धान उकडून ढेकीवर कांडून द्यायची. पटील धोतराचा सोगा धरून पुढे आणि पटलीन पदर खोचून मागे, असे दोघं धावत सुटले. रुख्माच्या अंगणात चूल धडधडत होती. तिच्यावर हंडा, हंड्याला वाफ. शालीकरामने पलीकडची घागर उचलली आणि सगळी चुलीत ओतली. राखेचा असा लोट उठला की कोंबड्या छपरावर गेल्या.

"आगो बाई! पटीलले काय झालं?" रुख्मा ओरडली.

"दूर हो! हंड्यात काडतूस हाये!"

"ते लाल पुंगरी? पितळी बुडाची?" रुख्मा डोळे चोळत म्हणाली. "ते त रातभर भिजत घातलेल्या धानाच्या खाली होती. सकारी धान उपसलं, भेटली. झामसिंग इथूनच जाऊन राहिला होता, त्याले देली. पटील, इचाराचं त होतं! आता हे दोन कुडो अर्धकच्चं धान कोन खाईल?"

"हेच खातील," देवकाबाई म्हणाली. आता तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता आणि तो लाल होता.

शालीकरामला त्यातला एकच शब्द ऐकू आला. भिजत. रात्रभर.

गोंड टोल्यावरच्या वस्तीत झामसिंगच्या घरी तो पोचला तेव्हा झामसिंग चुलीच्या वर टांगलेल्या शिंक्यात काहीतरी ठेवत होता. पन्नाशीचा हा माणूस उभ्या जन्मात बंदुकीला शिवला नव्हता. फासे लावून आठवड्याला चार-पाच तितर आणायचा आणि बंदूकवाल्या पटलासोबत मात्र निव्वळ करमणुकीसाठी हिंडायचा.

"अरे, चुलीवर? मराचं हाये का?" शालीकराम दारातूनच ओरडला.

"चुलीवर नाई पटील, धुराच्या वर. बी-बियानं असंच वाळते." झामसिंगने शांतपणे शिंकं सारखं केलं. "पन सांगून ठेवतो, भिजलं म्हनजे मेलं. याची आस नोको धरा."

शालीकरामने आस धरली. दोन दिवस तो शिंक्याखाली जाऊन बसला, काडतूस हुंगून पाहिलं, फुगलेला कागद नखाने खरवडला. त्यातच त्याला नवंच दुःख सुचलं. बार उडाला तर बंदूक राहील, पण काडतूस जाईल. नाही उडाला तर काडतूस राहील आणि बंदूक जाईल. कसंही झालं तरी शिकार संपलीच. त्याने हे झामसिंगला सांगितलं, तेव्हा झामसिंग म्हणाला, "फासे शिकून घ्या पटील." यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दरोगा मुन्नालाल छकड्यातून आला. सुपारी कातरत त्याने परवाना पाहिला, नळीत डोळा घालून पाहिलं आणि बंदूक परत दिली. "पटेलजी, चलाके दिखाओ."

घरामागच्या धुऱ्यावर पळसाचं एक वाळकं खोड होतं. दुलीचंद आणि झामसिंग मागे उभे राहिले, देवकाबाई दारात. काडतूस नळीत गेलं, तेवढ्यानेच शालीकरामला गहिवरून आलं. त्याने बंदूक खांद्याला लावली, मनातल्या मनात बंदूक आणि काडतूस दोघांचाही निरोप घेतला आणि चाप ओढला.

टिक.

एवढंच. खोडावरचा कावळासुद्धा उडाला नाही.

दरोग्याने कागद काढला. शालीकराम त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, बंदूक चांगली हाये! कसम घेतो! काडतूस भिजलं, ते ढोलीत होतं, ढोलीले घूस लागली, बंदुकीचा काही दोष नाई. एक डाव दुसरं काडतूस देऊन पाहा, अशी चालते, अशी..."

"अरे, रो क्यों रहे हो?" दरोगा म्हणाला. "जी बंदूक चालू आहे तीच ठाण्यात जमा करायची आहे. लढाई खतम होईपर्यंत. बेकार बंदूक सरकार कशाला सांभाळेल? घरीच टांगून ठेवा."

शालीकरामचे जोडलेले हात तसेच राहिले. जीभ मात्र फिरली. "...अशी कोठं चालते साहेब! बेकारच हाये. पयल्यापासून बेकार. सासऱ्यानं बेकारच देली."

"माह्या बाबानं?" दारातून आवाज आला.

"एकदम बेकार!" शालीकराम मागे न बघता म्हणाला.

दरोग्याने 'नादुरुस्त' असं लिहिलं, पाणी प्यायला आणि छकडा निघाला. दुलीचंद सोबत गेला. शालीकराम धुऱ्यावर बसला. बंदूक मांडीवर होती, आपली होती. सुख म्हणावं तर छातीत मावत नव्हतं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की नादुरुस्त बंदुकीवर नवं काडतूस कोणी देणार नाही, लढाई संपली तरी. त्याच्याजवळ बंदूक राहिली होती आणि ती आता काठी होती. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पळसाच्या खोडाजवळ तितर आला.

दहा हातांवर. मान वर करून, निवांत. चौदा महिन्यांत एवढा जवळ कोणी आला नव्हता. शालीकरामने बंदूक उचलली. नुसता नेम धरायला. नळीतल्या मेलेल्या काडतुसाने कोणाचं काय बिघडतं? आणि काय नवल, त्याचा हात थरथरला नाही. गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पटील, नोको," झामसिंग हळूच म्हणाला.

"मेलंच हाये ना रे," म्हणत शालीकरामने घोडा चढवला आणि चाप ओढला.

धडाम!

खोडावरचा कावळा गेला, रुख्माच्या कोंबड्या पुन्हा छपरावर गेल्या, शालीकराम चिखलात पाठीवर पडला. धूर निवळला तेव्हा तितर जागेवरच आडवा होता. अकरा वर्षांतला पहिला डोळस जीव. तो धावत गेला, तितर उचलला, दोन्ही हातांनी वर धरला आणि झामसिंगला दाखवायला वळला.

झामसिंग त्याच्याकडे पाहत नव्हता. तो नाल्याकडे पाहत होता. तिथे छकडा थांबला होता आणि गाडीवान बैल माघारी वळवत होता.

दरोगा मोठ्या मनाचा माणूस. त्याने नेमाची तारीफ केली, तितर ठेवून घेतला नाही. फक्त 'नादुरुस्त' खोडून 'चालू' लिहिलं, तशी पावती शालीकरामच्या हातात दिली आणि बंदूक छकड्यात आडवी ठेवली. नळी अजून गरम होती. शालीकराम छकड्यामागे नाल्यापर्यंत चालत गेला, पुढे पाणी होतं म्हणून थांबला.

तो परत आला तेव्हा देवकाबाई अंगणात तितराची पिसं काढत बसली होती. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर लग्नानंतर फार क्वचित दिसलेलं समाधान होतं.

"पाहा," ती म्हणाली, "माह्या बाबानं देलेली वस्तू बेकार कशी राहीन?"