दीप्तीचा जपानी चेंडू

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या हातात कला आहे! नवरा मानत नाही, पण नवऱ्यानं मानून कला वाढते थोडीच! अख्ख्या मूल गावात ब्लाऊजला माझ्यासारखा गोंडा कोणाला जमत नाही. म्हणून नणंदेला, म्हणजे आमच्या रिनाताईला, मुलगी झाली आणि सावली गावाहून, तिच्या सासरहून, नामकरणाचं बोलावणं आलं, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं.

"या बारी दुकानातलं काई न्याचं नाई! मी सोताच्या हातानं तेमारी बनवणार!"

"कोणाले मारी?" मामाजी दचकून उठून बसले.

मामाजी म्हणजे माझे सासरे, वामनराव. त्यांना ऐकायला कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते फक्त कामाच्या माणसाशी बोलताना लावतात, आणि त्यांच्या मते घरात कामाचं माणूस कोणी नाही! एरवी ते यंत्र कोल्ड क्रीमच्या पांढऱ्या गोल डबीत पडून असतं. बटण बंद करायचं तर त्यांना कधीच आठवत नाही.

"मारी नाई मामाजी, तेमारी! जपानी चेंडू!" मी ओरडून सांगितलं.

"झेंडू? आणा ना, पिवळे आणा," असं म्हणून मामाजी पुन्हा आडवे झाले.

तर तेमारी म्हणजे काय? मी मोबाईलवर बघितलं होतं. जपानातल्या आया आणि आज्या लेकरांना दोऱ्याचा चेंडू करून देतात. आत धानाचा कोंडा भरायचा. वरून दोरा गुंडाळायचा, गुंडाळायचा, मनगट 'पुरे आता माय' म्हणेपर्यंत गुंडाळायचा. मग त्यावर रंगीत दोऱ्यानं शेवंतीची फुलं भरायची. आणि पोटात खुळखुळणारी एक डबी, म्हणजे लेकरू खूश! असा चेंडू देणं म्हणजे आशीर्वादच देणं. मी म्हटलं, कोंडा तर आपल्या घरचाच! माझा नवरा, सुनिल, राईस मिलमध्येच कामाला आहे.

पण खरं कारण वेगळंच होतं. खरं कारण होत्या मीराबाई, रिनाताईची सासू. माहेरून काहीही गेलं की मीराबाई ते आधी उलटं करून बघतात, मग सुलटं करून बघतात, मग शेजारणीला दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "बरं हाय." हे 'बरं हाय' त्या अशा सुरात म्हणतात की रिनाताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. या वेळी मला ते 'बरं हाय' ऐकायचंच नव्हतं!

सुनिलनं पोतंभर कोंडा आणला. मी पोतं सोडलं आणि वरचा पंखा बंद करायचं विसरले. पुढचं सांगायलाच नको! कोंडा वरणात, कोंडा गादीत, कोंडा टीव्हीच्या मागे.

"दिवसभर मिलमंदी कोंडा खातो," सुनिल पाठ खाजवत म्हणाला, "आता घरी बी कोंडाच का?"

"कलेसाठी थोडं सहन करा लागते जी!"

"कला तुही न् खाज मले काऊन?"

पहिला चेंडू वांग्यासारखा झाला. दुसरा सीताफळासारखा. तिसरा गोल झाला म्हणून मी आनंदानं जमिनीवर सोडला, तर तो दोन टप्पे खाऊन एका कुशीवर जो झोपला, तो उठलाच नाही. पण मी हटले नाही! चौथ्याच्या वेळी मी घुंगरं एका रिकाम्या डबीत भरली आणि डबी खिडकीत ठेवली. डबी कसली? कोल्ड क्रीमचीच, पांढरी, गोल! आमच्या घरात क्रीम तेवढं एकच येतं. कोंड्याचा गोळा तयार होताच मी न बघता खिडकीत हात घातला, डबी उचलली आणि कानाशी हलवली. वाजली! भरली आत! वरून दोरा!

आणि काय सांगू, चेंडू असा झाला की माझा मलाच विश्वास बसेना! गोल गरगरीत, वर जांभळी आणि पिवळी शेवंती. फक्त एक गोष्ट होती. जरा दाबला की आतून बारीक आवाज यायचा, "कुंईईई!"

"हे काय वाजून राह्यलं?" सुनिलनं विचारलं.

"दोरा इतका घट्ट हाय ना, म्हून आतली हवा शिट्टी मारत बाहेर निंगते," मी ठासून सांगितलं. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. पण कलावंतानं 'ठाऊक नाही' म्हणायचं नसतं!

नामकरणाच्या दिवशी मामाजींनी धुतलेला सदरा घातला, खिडकीतली डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "यंत्र तिथीच लावीन. बसमंदी लय खडखड होते."

बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत चेंडू. रस्त्यात खड्डा आला की चेंडू दाबला जायचा आणि "कुंईईई!" कंडक्टर थांबला.

"बाई, पिशवीत कोंबडीचं पिल्लू हाय का?"

"नाई जी, जपानी चेंडू हाय!"

"चेंडू कायले वरडन? दाखवा बरं!"

मी दाखवला. त्यानं दाबला. "कुंईईई!" मग मागच्या बाईनं दाबला, तिच्या शेजारणीनं दाबला. सावली येईपर्यंत अर्ध्या बसनं चेंडू दाबून घेतला होता. माझी छाती अशी फुगली की उतरताना दारातून आडवं व्हावं लागलं!

रिनाताईच्या घरापुढे मांडव होता. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. वंदना झाली, पण कोणाला एक शब्द ऐकू येईल तर शपथ! बाळ पाळण्यात असं रडत होतं की माईक फिका पडावा. आत्यानं घेतलं, काकूनं घेतलं, छे! रिनाताई रडकुंडीला आली होती.

मी पुढे झाले आणि चेंडू पाळण्यात ठेवला. बाळाचा पाय लागला. "कुंईईई!"

बाळ गप्प! पुन्हा पाय, पुन्हा "कुंईईई!" बाळ चक्क हसलं! मांडवातली सगळी पोरं पाळण्याला लोंबकळून नाचायला लागली. "शिट्टी! शिट्टी! शिट्टी!"

मीराबाई आल्या. त्यांनी चेंडू उचलला. त्या उलटा करणार... पण नाही! त्यांनी दाबला. "कुंईईई!" पुन्हा दाबला. मग शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "पाय व माय! याले म्हणतात माहेर!"

रिनाताईनं माझा हात असा दाबला की मीच "कुंई" केलं असतं!

विधी चालवणारे गुणवंतराव माईकवर म्हणाले, "आता मुलीचं नाव तिचे आजोबा वामनराव जाहीर करतील." मामाजी उठले. यंत्र लावायला त्यांनी खिशातून डबी काढली, उघडली... आणि छुन छुन छुन! घुंगरं मांडवभर उड्या मारत पसरली.

मामाजी रिकाम्या डबीकडे बघत राहिले. मी पाळण्यातल्या चेंडूकडे बघत राहिले. तेवढ्यात चेंडू म्हणाला, "कुंईईई!"

माझ्या पायाखालून अख्खं सावली गाव सरकलं! आत यंत्र होतं! मामाजींचं चालू यंत्र, दाबलं की शिट्टी मारणारं!

मी धावले, पण मध्ये पोरांची भिंत. तिकडे रिनाताई मामाजींच्या कानाशी लागून सांगत होती, "बाबा, दीप्ती! दीप्ती म्हणा!" आणि इकडे पोरं बोंबलत होती, "शिट्टी! शिट्टी!" मामाजींनी दोन्ही ऐकलं, हसून मान हलवली, माईक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"माह्या नातीचं नाव... शिट्टी!"

"साधू! साधू! साधू!" अख्खा मांडव वंदनेच्या सवयीनं बोलून गेला.

मग काय, बाप्पा! मीराबाईंचा चेहरा पळसासारखा लाल.

"वामनभाऊ! चांगल्या दिवशी थट्टा करून राह्यले का?"

"हो, हो," मामाजी हात जोडून म्हणाले, "नाव मलेबी आवडलं!"

मागे कुजबुज सुरू झाली. "सकाळी सकाळीच घेऊन आले वाटते." मामाजी! ज्यांनी आयुष्यात ताडीचा थेंब तोंडाला लावला नाही, ते मामाजी! आणि त्यांना काही ऐकू येत नसल्यामुळे ते बिचारे सगळ्यांकडे बघून हसत होते. रिनाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मात्र मला राहवेना.

"बाई, मामाजीची काई चूक नाई!" मी ओरडले. "त्यायचे कान या चेंडूत हायेत!"

"काय हायेत?"

मी सगळं सांगितलं. खिडकी, डबी, दुसरी डबी, हवेची शिट्टी, सगळं. सुनिल खांबाकडे तोंड करून उभा राहिला, जणू मी त्याची कोणीच नाही! आता 'बरं हाय' तरी कोण म्हणतं, असं म्हणून मी मान खाली घातली.

मीराबाईंच्या तोंडून आवाज आला, "फुस्स्!" मला वाटलं, चिडल्या. बघते तर काय, बाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या! हसता हसता खाली बसल्या.

"आणा कैची," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तू नोको कापू, तुह्यानं होनार नाई. फुलं राह्यली पायजेत. मी खालून उसवतो."

त्यांनी खरोखर एकाही पाकळीला धक्का न लावता चेंडू खालून उसवला. सगळं छान चाललं होतं. पण मांडवात उभ्यानं फिरणारा मोठा पंखा होता, आणि तो त्याच वेळी आमच्याकडे वळला.

भर्रर्र! कोंडा गुणवंतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, कोंडा पाहुण्यांच्या केसांत, कोंडा खिरीच्या पातेल्यात! सगळे एकदम खाजवायला लागले. दुरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, नवीन नाच बसवून राह्यले!

मामाजींनी यंत्र पुसून कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलले, "अरे, पोरगी इतकी काऊन रडते?"

कारण शिट्टी गेली होती ना! बाळानं सूर लावला होता. मामाजींनी त्या रडण्यातच माईक घेऊन "दीप्ती! दीप्ती! दीप्ती!" असं तीनदा सांगितलं. लोकांनी पुन्हा साधू म्हटलं, पण आधीइतक्या जोरात नाही. मीराबाईंनी आणि मी मिळून चेंडूत घुंगरं भरली आणि तो पुन्हा शिवला. बाळानं घुंगरं ऐकली, तोंड वाकडं केलं आणि आणखी मोठ्यानं रडायला लागलं. शेवटी मामाजी पाळण्याशी बसून स्वतः तोंडानं "कुंईईई" करत राहिले. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत!

आता तिकडे दीप्तीला दीप्ती कोणी म्हणत नाही. मीराबाई स्वतः फोनवर सांगतात, "शिट्टी आता पालथी पडून राह्यली." मी म्हटलं, चला, निदान माझं नाव तरी त्यातून सुटलं. मागच्या आठवड्यात सावलीच्या बसस्टँडवर उतरले, तर एक अनोळखी बाई लांबून दुसरीला कोपर मारून म्हणाली, "थे पाय, थे पाय! शिट्टीवाली मामी!"

आणि काय सांगू, मी वळून बघितलंसुद्धा!