जेवणाची हाक

तीर्थपुरीतले आमचे स्काउटचे शिक्षक देवराव गुरुजी दारात बिगुल वाजल्याखेरीज रात्रीचे जेवत नसत. फुंकणारा मी, वय बारा. समोरच्या दातांनी गुरुजींची साथ केव्हाच सोडली होती, त्यामुळे त्यांना स्वतःला बिगुल वाजवता येत नसे. ते हाक तोंडाने म्हणून दाखवीत आणि मी ती पितळेतून काढण्याचा प्रयत्न करी. पहिल्या महिन्यात निघाली ती फक्त हवा.

“गाल काय फुगवून राह्यलास? बेडूक हायेस का? व्हट आवळ!” आणि त्यावर त्यांचे ठरलेले : “कच्चं! बिलकुल कच्चं!”

या शेऱ्यातून त्यांनी उसाचा रस सोडला नव्हता, की ओढ्यावरचा नवा पूलही. एका लग्नात त्यांनी तो बँडवाल्यांना ऐकवला. वरपित्याला वाटले, नवरदेवाविषयीच बोलले.

स्काउटात हाका पुष्कळ : जमा होण्याची, झेंड्याची, झोपण्याची. गुरुजींनी मला वर्षभर एकच शिकवली, जेवणाची. ती वाजवून झाली की म्हणत, “बस मंग. बिगुल फुंकणारानं उपाशी जायचं न्हाई. कायदा हाय.” चुलीपुढे दोन ताटे आधीच मांडलेली असत. त्यांच्या पत्नी वारल्यापासून घरात ते एकटेच होते. मी मात्र त्या कायद्याचा अर्थ पोटापुरताच घेतला, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

पुढे घनसावंगीला तालुक्याचा मेळावा भरला. पाहुणे येताच मेळाव्याच्या प्रमुखांनी मला खूण केली, सगळ्यांना जमव. मला येत होती ती हाक मी वाजवली. सगळी पोरे ताटल्या घेऊन स्वयंपाकाच्या मंडपाकडे धावली. “आरं, डाळ आजून शिजून राह्यली!” आचारी पळी उगारून ओरडला. झेंड्यापाशी गळ्यात हार घातलेले पाहुणे तेवढे उरले.

“देवराव, हे शिकवलं तुम्ही?” प्रमुख कडाडले. “बाकीच्या हाका बसवा, न्हाईतर बिगुल दुसऱ्या शाळेला देतो.”

“सूर ऐकला का साहेब?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “बिलकुल पक्का.”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात उभा राहिलो, तेव्हा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “जेवणाची झाली तुझी. आता जमा व्हायची घेऊ. ती झाली की जल्दी घरी जायचं. माय वाट बघत आसंल.”

उघड्या दारातून चूल दिसत होती. तिच्यापुढे एकच ताट होते.

“शिकतो गुरुजी,” मी म्हणालो. “पण जेवणाची आजून कच्ची हाय. शेवटाला रोज तीच घेऊ.”

“कच्ची?”

“बिलकुल.”

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने बिगुलाचे तोंड पुष्कळ वेळ पुसले, बिगुल माझ्या हाती दिले आणि आत गेले. फळीवरून दुसरे ताट काढल्याचा आवाज आला.