खुंट्याचा सत्कार

"चेंडू बाहेर गेला," अशी अक्षरे पडद्यावर उमटली आणि मामींनी हातातले विणकाम मांडीवर टाकले.

"गेला म्हणजे? आपोआप गेला होय? माझ्या खुंट्याने काढला तो!"

दातांच्या दवाखान्याला रविवारी सुट्टी असे. ज्या पडद्यावर एरवी दात कसे घासावेत ते दाखवत, त्यावर त्या दुपारी फुटबॉलची लीग चाले. खरा चेंडू कुठेच नसे. आपापला संघ जमवायचा, कोणी कुठे उभे राहायचे ते सांगायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. सामना संगणक खेळे आणि वर्णनही तोच लिही. डॉक्टर, त्याची आई म्हणजे मामींची नणंद, समोरचा वायरमन आणि डॉक्टरची मामी, असे चौघांचे चार संघ होते.

मामींचा संघ मुळात मामांचा. तरुणपणी मामा कारखान्याच्या संघात मागच्या फळीत खेळत. त्यांनी अडवलेले चेंडू मामींना अजून एकेक करून आठवत. वर्तमानपत्राला त्यातला एकही कधी दिसला नव्हता. म्हातारपणी मामांनी या लीगमध्ये कोणालाच नको असलेला एक बचावपटू उचलला आणि त्याचे नाव खुंटा ठेवले. मामा गेले, संघ मामींकडे आला. बाकीचे खेळाडू त्यांनी बदलले. खुंट्याला हात लावला नाही.

"हंगाम संपतोय. यंदा सत्कार त्याचा झाला पाहिजे," मामी म्हणाल्या.

"वहिनी, बक्षीस गोल करणाऱ्याला देतात," नणंद म्हणाली. "न होऊ देणाऱ्याला द्यायला लागलो तर उद्या रखवालदारही रांगेत उभा राहील."

"राहू दे की, वन्सं. चोरी झाली नाही याची बातमी येत नाही, म्हणून काय तो झोपलेला असतो?"

"मामींचं बरोबर आहे," वायरमन म्हणाला. "दिवा लागला की सगळे दिव्याकडे बघतात. फ्यूजकडे कोण बघतं?"

"उडाला की बघतात," नणंद म्हणाली.

शेवटी डॉक्टरने जुने सामने लावले. मामींनी दात बघायचा आरसा उचलला आणि त्याच्या दांडीने पडद्यावर दाखवू लागल्या. "इथे बघा. चेंडू अजून पलीकडे आहे आणि हा आधीच सरकला. आता इथे. कोणी हाक मारली का त्याला? तरी आला." नणंदेने चष्मा काढून पुसला.

"दादा असाच उभा राहायचा," ती म्हणाली आणि तिने पहिला हात वर केला.

निर्णय एकमताने झाला. सगळे उभे राहिले. डॉक्टरने 'हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू' यापुढे खुंट्याचे नाव घातले. फार वर्षांपूर्वीचे एक वर्तमानपत्र आज कोणीतरी दुरुस्त करून आणून दिले, असे मामींना वाटले.

पुढच्या रविवारी पडदा लावताच निरोप आला. 'खुंटा नाराज आहे. आपल्या प्रतिष्ठेला साजेसा संघ हवा, असे त्याचे म्हणणे आहे.'

"आजवर तोंडातून शब्द निघाला नाही त्याच्या!" मामी म्हणाल्या.

"बक्षिसामुळे त्याची प्रसिद्धी वाढली, मामी. प्रोग्रॅमच तसा आहे. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाला.

"मग समजूत घाल ना त्याची."

समजुतीचे मोजकेच पर्याय होते. मामींनी त्याला कप्तान केले. त्यावर जुना कप्तान, म्हणजे गोलरक्षक, रुसला. त्याला बरे वाटावे म्हणून त्याच्या मित्राला संघात घेतले, तर त्यासाठी ज्याला बाहेर बसवले त्याने सरावाला येणेच सोडले. पुढच्या सामन्यात मामींची मागची फळी भांडून वेगळ्या राहिलेल्या भावांसारखी उभी होती. वायरमनच्या संघाने गोलांची रांग लावली, आणि दर गोलाला वायरमन खाली मान घालून "माफ करा हं, मामी," म्हणत राहिला.

सामना संपतो न संपतो तोच पुन्हा निरोप. 'पराभूत संघात राहण्याची खुंट्याची इच्छा नाही.'

"हे काही दादाचं वळण नव्हे," नणंद फणकारली.

"मामा कधीच कुठे गेले नाहीत," डॉक्टर म्हणाला.

"त्यांना कोणी बोलावलंच नाही रे," मामी म्हणाल्या. "याला जाऊ दे."

"मग परक्याकडे कशाला? माझ्याकडे येऊ दे, वहिनी," नणंद हळूच म्हणाली. "घरातच राहील."

नव्या हंगामात दोघींच्या संघांची गाठ पडली. मामींचा खेळाडू मोकळा सुटला. समोर फक्त गोलरक्षक. तेवढ्यात कुठूनसा खुंटा आडवा आला. पडद्यावर ठळक अक्षरे उमटली, 'खुंट्याने अप्रतिम अडवले!'

मामींनी टाळ्या वाजवल्या.

"अहो वहिनी, गोल तुमचा हुकलाय!"

"हुकला नाही, वन्सं. अडवला. नाव आलंय बघा, वाचा."

त्यानंतर नणंदेच्या संघाने चढाई केली. चेंडू बाहेर गेला. पुन्हा केली, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदाही तेच झाले, तशी नणंद खुर्चीत पुढे सरकून बसली.

"वहिनी, तो मागे कोण हो तुमचा? नवा घेतलात का? सारखा आडवा येतोय माझ्या. बराच दिसतो की."

मामींनी घाईघाईने विणकाम उचलले.

"कोण, तो होय? छे हो. नुसता उभा असतो," त्या टाके मोजत म्हणाल्या. "चेंडू आपोआप बाहेर गेला."