हलकी, फुकट आणि जुन्याला झेपणारी

कॉम्प्युटरमधलं आपल्याइतकं अख्ख्या तेलगावात कुणालाच कळत नाही, अशी तानाजीची पक्की समजूत होती. लेकीच्या अभ्यासाचा जुना लॅपटॉप पार मंदावला, तेव्हा त्याची बायको शिवकन्या म्हणाली, "केजला दुकानात टाका." तानाजीला तो अपमान वाटला.

"दुकान कावून? आतली सिस्टीम बदलली की झालं. फुकट भेटती. मी करतो."

दुसऱ्या दिवशी केजहून जीपनं परतताना त्यानं पुण्यातल्या अनिलला फोन लावला. अनिल त्याचा शाळेतला दोस्त, कॉम्प्युटरमधला माणूस. जीपमध्ये गाणी लागलेली, रेंज जेमतेम, म्हणून तानाजी शेतातून हाक मारावी तसा ओरडून बोलत होता.

"जुनी लई जड झाली बे. उठायलाच घंटाभर लावती. एक काम सांगितलं की तिथंच अडकून बसती... हां, हलकीच बघ एखादी. फुकट भेटती ना? नवख्याला झेपंल अशी... आधी नुसती चालवून बघता येती? मंग तर ब्येस... आन् जुनी? दोघी राहत्यात एका जागी? नको बे, जुनी काढूनच टाकतो."

मागच्या सीटवर त्याची चुलती छबुबाई बसली होती. तिनं तोंडाला लावलेला पदर तेलगाव येईपर्यंत काढला नाही. तानाजी नव्या सिस्टीमसाठी पेनड्राइव्ह शोधत तासभर स्टँडवर रेंगाळला, चहा प्यायला. काकू तरातरा पुढे, थेट त्याच्या घराकडे गेली.

तो घरी पोचला तर दारात शिवकन्येची पिशवी भरून तयार. ओसरीत तिचा भाऊ नाथा, धारूरहून मोटरसायकल हाणत आलेला.

"दाजी, आमच्या बहिणीत काय कमी हाय?"

तानाजीला काहीच उमजेना. मग छबुबाईनं जीपमधलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि वर स्वतःचं घातलं, "फुकट भेटती म्हून दुसरी करायची व्हय रे?"

तेव्हा कुठं त्याला घाम फुटला. "काकू, ते लॅपटॉपचं हाय," म्हणत त्यानं लॅपटॉप आणून बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत बसलं. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी त्यानं अनिललाच फोन लावून स्पीकर सुरू केला.

"ठरलं का बे तुझं?" अनिल खुशीत होता. "मिंट दिसायला देखणी हाय, पण तू आपली पपी घे. तुझ्या म्हाताऱ्याला पपीच झेपंल."

"पपी?" नाथा उठून उभा राहिला. छबुबाईनं पुन्हा पदर तोंडाला लावला.

"मिंट काय, पपी काय, सिस्टीमची नावं हायत ती!" तानाजी रडकुंडीला आला. मग अनिलनंच वहिनींना सगळं समजावून सांगितलं. नाथा हसून हसून खाली बसला. छबुबाई 'चहा टाकते' म्हणत आत सटकली. तानाजीचा जीव भांड्यात पडला.

शिवकन्या मात्र हसली नाही. पिशवीतल्या साड्या बाहेर काढता काढता ती हळूच म्हणाली,

"मशिनीचं बोलत हुतात, कळलं. पण काकूनी सांगितलं तवा मला ते एकदा बी खोटं वाटलं न्हाई. जड झाली, उठायला वेळ लावती, एका कामात अडकून बसती. रोजचंच तर हाय तुमचं मला बोलणं. मंग खोटं कावून वाटावं?"

तानाजीला मान वर करवेना. मघाशी नाथासमोर वाटली नव्हती तेवढी लाज आता वाटत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. लॅपटॉपवर अजून चक्रच फिरत होतं. त्यानं घाईघाईनं त्यात डोकं घातलं आणि मनातल्या मनात म्हणाला, घे बाबा, आज लागेल तेवढा वेळ घे.