जाळरेषा अपुरी राहिली ती हकीकत

श्रीअग्निनारायणास नमन. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन वद्य अमावास्या, संवत्सराचा अखेरचा दिवस. स्वामींनीं पुसिलें कीं, उत्तरपठाराखालील माळीपुरा कैसा जळाला, बारा यंत्रें पदरीं असतां जाळरेषा कां निघाली नाहीं, तें कोणाची भीड न धरितां लिहावें. त्यावरून लिहिलें. लिहिणाराचें नांव पुसूं नये, कारण तोही माळीपुऱ्यांतच राहतो.

तर या राज्याचे उत्तरेस पठार आहे, त्यावर राजबाग आहे, आणि बागेभोंवतीं पुरुषभर उंचीचें गवत माजतें, आणि उतरणीस बागेच्या चाकर माणसांचीं तीस घरें, त्यास माळीपुरा म्हणतात. मार्गशीर्षांत गवत वाळलें म्हणजे गवत आणि घरें यांचे मध्यें चाळीस हात रुंद पट्टा कापून मोकळा करावा, त्यास जाळरेषा म्हणावें. वणवा लागला तरी तेथवर येऊन उपाशी मरावा, ही वडिलांपासून चाल. पूर्वीं साठ विळेकरी हें काम करीत. मग दरबारानें बारा गवतकटर आणिले, खांद्यास पट्ट्यानें अडकवावयाचे, पेट्रोलावर चालणारे, आणि साठांस रजा दिली, आणि ते ऊसतोडीस दूर मुलखीं निघोन गेले. यंत्रांवर दरोगा नेमिला सटवाजी दुधाणे. वय पंचावन्न, अबोल, यंत्राचा नुसता आवाज ऐकोन दुखणें सांगणारा. त्याची एकुलती लेक हौसा, आणि जांवई लिंबाजी हा कटर चालविणारांत अव्वल. जांवई सासऱ्याचे शेजारघरीं राहे, आणि दोघे मिळोन यंत्रें उघडूं लागले म्हणजे बापलेक वाटत.

याच संवत्सरीं चैत्रांत दरबाराचा हुकूम सुटला कीं, परमुलखाचें तेल महाग व मिंधेपणाचें, सबब पेट्रोलांत उसाच्या मळीचें इथेनॉल मिसळावें, दहांत दोन भाग. हुकूम वाईट नव्हता, हें लिहिलें पाहिजे. दरबारच्या मोटारी त्यावर धावल्या, ऊसवाले सुखी झाले. लहान यंत्रांचा विचार मात्र कोणाचे मनांत आला नाहीं. श्रावणांत सटवाजीनें पाहिलें कीं, इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें, आणि दमट दिवसांत डबा महिनाभर राहिला म्हणजे पाणी आणि इथेनॉल मिळोन तळाशीं बसतात, आणि पेट्रोल व यंत्रासाठीं त्यांत घातलेलें वंगणतेल वर तरंगतें, आणि यंत्राची नळी तर तळांतून पिते. म्हणजे यंत्राचे पोटांत वंगणावांचून पाणी जातें. मग त्यानें कांचेच्या बरणींत तें भरोन कारभारी हैबतराव यांचे पुढें, भरल्या कचेरींत, नेऊन ठेविलें.

कारभारी हांसले. म्हणाले, "दरोगे, सरकारच्या मोटारी याच तेलावर धावताहेत. तुमचे गवतकटर मोटारींहून नाजूक झाले काय?"

सटवाजी म्हणाला, "साहेब, मोटार रोज पिते आणि रोज संपवते. हीं यंत्रें महिना महिना निजतात. बारा यंत्रांपुरतें निर्भेळ पेट्रोल द्या, नाहीं तर टाक्या रिकाम्या करून ठेवूं द्या."

"एका राज्यांत दोन तेलें नाहीं होत," कारभारी म्हणाले. "आणि हुकुमांत खोट काढायची हौस असेल तर दुसरी चाकरी पाहा." कचेरींतले सारे हांसले, आणि सटवाजी बरणी कांखेस मारून खालीं मान घालून परत आला. तरी त्यानें आपल्या अखत्यारींत टाक्या ओतून यंत्रें कोरडीं केलीं.

पुढें भाद्रपदांत वार्ता आली कीं, शेजारचे महाराज बाग पाहावयास येणार, केव्हां तें नक्की नाहीं. कारभारी यांचा रुक्का आला कीं, बाराही यंत्रें भरल्या टाकीनें सज्ज ठेवावीं, इशारत होतांच हिरवळ कापली गेली पाहिजे. लिंबाजी म्हणाला, "मामा, भरून ठेवलीं तर सडतील. परत जाऊन सांगा." सटवाजी रुक्का घेऊन कचेरीच्या पायरीपर्यंत गेला, आणि आंत हांसण्याचा आवाज आला, कोणत्या गोष्टीवर तें देव जाणे, आणि हा पायरी न चढतांच वळला. तो माघारा आला आणि जांवयास म्हणाला, "सांगितलं. ऐकत नाहींत." हें तो खोटें बोलला. टाक्या भरल्या. पाहुणे महाराज आज येतात, उद्यां येतात, ऐसें होतां होतां तीन महिने गेले आणि ते आलेच नाहींत.

मार्गशीर्षांत गवत पिवळें पडलें आणि यंत्रें बाहेर काढिलीं. बारांतलीं आठ नुसतीं खोकलींही नाहींत. कार्बोरेटर उघडावा तों आंत हिरवट किटण, नळ्या फुगोन लिबलिबीत, रबरी पडदे ताठ होऊन भेगाळलेले. नवे सुटे भाग मागविले, ते येतों येतों म्हणोन आले नाहींत. चार चालूं झालीं, त्यांतलीं दोन दुसरे दिवशीं वंगणावांचून तापोन जागींच आवळलीं, आणि तिसऱ्याची नळी फुटोन तेल गळूं लागलें. उरलें एक. तें लिंबाजीनें खांद्यास लाविलें आणि सात दिवस एकट्यानें रेषा ओढली. त्या यंत्राची चाल मात्र बिघडली होती. हवा जास्त, तेल कमी, म्हणोन वेगाचा खटका सोडला तरी इंजिन मंद होईना, आणि क्लच सुटेना, आणि पातें फिरतच राही. सटवाजीच्या कानांस तें पहिल्या दिवशींच कळलें. तो म्हणाला, "लिंबाजी, ठेव तें खालीं. आवाज बरा नाहीं." लिंबाजी म्हणाला, "मामा, ठेवलं तर रेषा कोण ओढील? माघ लागला म्हणजे वारा सुटेल." आणि सटवाजीनें पुन्हा हटकलें नाहीं. आठवे दिवशीं दुपारीं लिंबाजी धोंड्यावरून घसरला, आणि खटका हातांतून सुटला, आणि पातें थांबलें नाहीं, आणि उजवा पाय नडगीशीं हाडापर्यंत कापला गेला.

वैद्यानें पाय राखिला, परंतु दोन महिने भुईस टेकूं नये म्हणोन सांगितलें. मग माळीपुऱ्यांतल्या बायका विळे घेऊन निघाल्या, हौसा सर्वांपुढें. हातांस फोड आले, फोडांवर चिंध्या बांधिल्या, आणि तरी त्या रोज गेल्या, आणि सटवाजीही त्यांचे रांगेंत बसोन कापीत असे. परंतु साठांचें काम अठरा बायकांनीं कितीसें उरकावें? माघ शुद्ध अष्टमीस दोनशें हात रेषा अजून उभीच होती.

ते दिवशीं तिसरे प्रहरीं पठारावर कोणीं मध काढावयास धूर केला, आणि वारा उलटला, आणि गवत पेटलें. ज्वाळा कापल्या रेषेपाशीं येऊन खरेंच उपाशी मेल्या. मग आडव्या सरकत सरकत त्या दोनशें हातांपाशीं आल्या आणि आंत शिरल्या. बायका आणि सटवाजी ओल्या गोणपाटांनीं आग झोडीत होते. हौसा ओरडली, "आबा, घरं! घरं पेटलीं!" आणि दोघेंही उतरणीनें धावत सुटलीं. पहिलें छप्पर एका शेजाऱ्याचें, दुसरें सटवाजीचें, तिसरें लिंबाजीचें. लिंबाजी सरपटत उंबऱ्यापर्यंत आला होता. हात बाहेर होते. वांसा पडला तो त्याचे पाठीवर पडला. सटवाजीनें हात धरून ओढिलें, परंतु वांसा हलेना, आणि शेजाऱ्यांनीं सटवाजीसच कमरेस धरून मागें खेंचलें. त्याचे दोन्ही तळहात भाजले. एकोणीस घरें गेलीं, मनुष्य मात्र एकच गेलें.

तेरावा झाला आणि चौकशी बसली. कारभारी यांनीं पुसिलें, "टाक्या महिनोन् महिने भरलेल्या कां ठेविल्या?"

"साहेबांचा रुक्का होता."

"रुक्का यंत्राचें जाणणारानें लिहिला नव्हता. जाणते तुम्हीं होतां. येऊन कां सांगितलें नाहीं?"

सटवाजीनें आपले बांधले हात पाठीमागें घेतले. मग म्हणाला, "एकदां सांगितलं होतं, साहेब. दुसऱ्यांदा पायरी चढवली नाहीं." कचेरींत ते दिवशीं कोणी हांसलें नाहीं. दरबारानें त्यास शिक्षा दिली नाहीं. लहान यंत्रांस निर्भेळ पेट्रोल द्यावें, न मिळे तर काम सरतांच टाक्या रित्या कराव्या, ऐसा नवा हुकूम काढिला, आणि त्या दूरदृष्टीबद्दल कारभारी हैबतराव यांस शालजोडी दिली.

हौसा बाहेरच्या पडवींत बसोन सर्व ऐकत होती. घरीं, म्हणजे देवळाच्या ओवरींत जेथें त्यांस जागा मिळाली तेथें, ती बापास भरवूं लागली, कारण त्याचे हात उघडले नव्हते. चार घांस झाल्यावर म्हणाली, "आबा, तुम्हीं यांना सांगितलं होतं, परत जाऊन सांगून आलों म्हणून."

"हो."

"गेलाच नव्हतांत."

"पायरीपर्यंत गेलों होतों."

तिनें मान हलविली, राहिलेला भात त्यास भरविला, तोंड पुसलें, पाणी पाजिलें. मग आपलें गाठोडें बांधिलें आणि लिंबाजीच्या आईकडे निघोन गेली. पुढें तिचा निरोपही नाहीं. सटवाजीस आतां शेजारणी पाळीपाळीनें भरवितात, आणि तो कोणास कांहीं सांगत नाहीं.

एवंच, हुकूम चांगला होता, यंत्रें चांगलीं होतीं, माणसें चांगलीं होतीं, आणि दोनशें हात गवत राहोन गेलें. स्वामींनीं पुसिलें तें इतकें आहे. कसूर कोणाची तें स्वामींनीं ठरवावें. माळीपुऱ्यानें ठरविली आहे, परंतु लिहूं दिली नाहीं.