डावे बूट वर, उजवे बूट खाली

जहाज कंपनीच्या साहेबांवर माझा सरळ आरोप आहे. तुम्ही माणसांना घाबरवता. तुमच्या चकचकीत कागदावर तुम्ही छापता, 'सामान धक्क्यावर आमच्या हाती द्या, ते आपोआप तुमच्या खोलीच्या दारात येईल.' आपोआप म्हणजे कसं? धक्का आणि दार यांच्यामध्ये ती बॅग कुठे पडलेली असते, कोण तिला हात लावतो, कोण तिच्यावर बसून चहा पितो, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नाही. मग कुलूपरावसारखा माणूस तो कागद वाचतो, आणि पुढे जे होतं त्याची जबाबदारी घ्यायला तुमच्यातला एकही पुढे येत नाही.

कुलूपराव हे काही त्याचं नाव नव्हे. नळाचं सामान ठेवणाऱ्या एका मोठ्या गोदामाचा तो स्टोअरकीपर. हे नाव तिथल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. त्याच्या गोदामात कधी चोरी झाली नव्हती, कारण त्याची एक पद्धत होती. जोडी एका जागी ठेवायची नाही. तोटी एका शेडमध्ये, तिची चावी दुसऱ्या शेडमध्ये. पंप इकडे, त्याचं झाकण तिकडे. "चोराला अर्धाच माल मिळाला तर तो काय करणार? डोकं धरून बसणार," असं तो अभिमानानं सांगे. गिऱ्हाइकालाही अर्धाच माल मिळे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला जेवणाच्या सुट्टीनंतर परत यावं लागे, पण गिऱ्हाइकाला कोण विचारतो.

कुलूपरावची बायको लोकांचे कपडे शिवायची. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली आणि स्वतः घातले ते मोठ्या बहिणीचे उतरलेले. लहानपणी ताईला फ्रॉक आखूड झाला की तो हिला यायचा. लग्नानंतर ताईला ड्रेस घट्ट झाला की तो हिला यायचा. ताईचं मन वाईट होतं असं नाही. पण 'बघ, तुला कसा बसलाय' असं म्हणताना तिचा हात हिच्या खांद्यावरून असा फिरायचा, जसा आपण आपल्या जुन्या खुर्चीवरून फिरवतो.

आता ताई आणि तिचा नवरा याच जहाजावर येणार होते. पहिल्या संध्याकाळच्या जेवणाला सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून यायचं, अशी जहाजाची रीत. ती ओळ वाचली आणि हिनं गडद हिरवं कापड आणलं, जाकीट आणि पायघोळ स्कर्ट शिवला. अस्तर लावून, हातशिलाईनं काठ दुमडून. "पहिल्या संध्याकाळी ताईसमोर हा घालून जायचं," ती म्हणाली. तिचं एवढंच मागणं होतं. समुद्र वगैरे त्यानंतर.

बॅगा तिनं सुरेख भरल्या. लाल बॅग तिची, करडी त्याची. मोजे बुटांत कोंबलेले, कपड्यांच्या गुंडाळ्या रांगेत, हिरवा जोड सगळ्यात वर. कुलूपराव कमरेवर हात ठेवून बघत होता.

"यातली एक गेली तर?"

"कुठे जाईल? जहाजावर तर चढणार."

"चढेल कशावरून?"

"अहो, सगळ्यांच्या चढतात."

"असं कोण म्हणतं? कंपनी. स्वतःबद्दल कंपनी दुसरं काय म्हणणार?"

बायको हसली आणि एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला बाहेर गेली. तिथेच घात झाला. ती परत आली तेव्हा दोन्ही बॅगा बंद. लाल बॅगेला चावीचं कुलूप, करड्या बॅगेला नंबराचं. एकाच जातीची दोन कुलपं असली की चोराचं काम सोपं होतं म्हणे.

"माझ्या बॅगेला हात लावलात?"

"जरा नीट लावली."

"म्हणजे काय केलंत?"

"सुरक्षित केली. आता उघडायची नाही."

"आणि नंबर काय आहे?"

"तुझ्यावर संशय नाही माझा," तो म्हणाला, "पण तू झोपेत बोलतेस."

धक्क्यावर हमालानं बॅगा गाडीवर टाकल्या. कुलूपरावनं हमालाचा फोटो काढला. मग गाडीचा काढला. हमालानं स्वतःचा फोन काढला आणि तो म्हणाला, "काका, तुमचा पण काढून ठेवतो. उद्या कुणी विचारलं, हा माणूस कोण होता, तर दाखवायला बरं." कुलूपरावला ते पटलं. तो कॉलर सरळ करून उभा राहिला.

खोली छोटी पण नीटनेटकी होती. आत पाय ठेवला आणि फोन वाजला. बायको उचलायला गेली तर यानं हात आडवा घातला.

"आत्ता तर आलो आपण. आपला नंबर यांना मिळाला कसा?"

"अहो, त्यांचंच जहाज आहे."

"म्हणूनच."

फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. यानं त्यावर उशी ठेवली.

दुपार कलता कलता लाल बॅग दारात आली. करडी आली नाही. कुलूपरावच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट एक प्रकारचं समाधान होतं. "बघ. मी काय म्हणत होतो?" त्यानं गळ्यातल्या दोऱ्यातून चावी काढली आणि बॅग उघडली. बायको वाकली. हिरवं जाकीट उचललं. त्याच्याखाली आणखी एक जाकीट. त्याच्याखाली त्याचा कोट, त्याचे शर्ट, तिचे शर्ट. ती बॅगेच्या तळापर्यंत गेली आणि वर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बूट होते.

"हे दोन्ही डावे आहेत."

"सगळेच डावे आहेत," कुलूपराव म्हणाला. "उजवे करड्या बॅगेत. एक बॅग गेली तरी चोराला काही उपयोग नाही."

"आणि आपल्याला?"

या बाजूनं त्यानं विचार केलेला नव्हता. बायको पलंगावर बसली. कमरेच्या वरचे सगळे कपडे लाल बॅगेत, कमरेच्या खालचे सगळे करड्या बॅगेत. ब्रश इथे, पेस्ट तिथे. एक कानातलं इथे. चष्म्याचं घर इथे.

"चष्मा?"

"तिकडे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला.

"माझा स्कर्ट?"

"अगं, जाकीट आहे ना. प्रवासातली पँट आहे अंगावर. टेबलाखाली कोण बघतंय?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि ताई आत आली. नटूनथटून, सुगंधाचा एक ढग बरोबर घेऊन. तिनं बॅग बघितली, बूट बघितले आणि तिला हवं तेवढं सगळं समजलं.

"एवढंच ना? मग तोंड कशाला पाडतेस? माझा मरून ड्रेस आणलाय मी जास्तीचा. आता मला होत नाही. तुला छान बसेल." आणि तिचा हात हिच्या खांद्यावरून फिरला. "आणून ठेवते हं."

दार बंद झालं. बायकोनं हिरव्या जाकिटाची एक बाही सरळ केली, मग दुसरी.

"मला तो स्कर्ट हवाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "जिथून आणायचा तिथून आणा. ताईचा ड्रेस मी घालणार नाही. जेवायला जाणारच नाही. इथेच बसेन."

कुलूपराव अर्ध्या चड्डीत आणि रबरी चपलेत बाहेर पडला. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, बऱ्याच दारांसमोर बॅगा. आपली बॅग चुकून दुसऱ्याच्या दारात टाकली असणार, किंवा चुकून नसेलही. चष्मा नसल्यामुळे करडी, निळी आणि काळी त्याला सारखीच. तो एकेका बॅगेपाशी गुडघ्यावर बसायचा, नावाच्या पट्टीला नाक लावायचा, बॅग हलवायचा, आतून बूट वाजतात का ते ऐकायचा. एका बॅगेला कान लावलेला असताना दार उघडलं.

"काय ऐकताय?" दारात टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ उभे.

"बूट."

"कुणाचे?"

"माझे. तुमच्या बॅगेत."

गृहस्थांनी दार लावून घेतलं आणि फोन केला. बोळाच्या टोकापर्यंत पोचायच्या आत कुलूपरावला दोघा पहारेकऱ्यांनी दोन बाजूंनी धरलं आणि जिन्यानं खाली, आणखी खाली, इंजिनाच्या धडधडीपर्यंत नेलं. तिथे एका खोलीत सुरक्षा अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांच्यामागे फळीवर, लाल चिठ्ठी चिकटवलेली, त्याची करडी बॅग.

"ती माझी आहे," कुलूपराव म्हणाला.

"पुरावा?"

हा शब्द आजवर तो लोकांना विचारत आला होता. आज तो शब्द पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून आला.

"तुमच्या खोलीत केव्हापासून फोन करतोय आम्ही. उचलत का नाही?"

"तुमच्यावर संशय होता."

"आमचा तुमच्यावर आहे. आत काय आहे बॅगेत?"

"उजवे बूट."

"आणि डावे?"

"वर आहेत."

"कुणाच्या पायात?"

"कुणाच्याच नाही. दुसऱ्या बॅगेत."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आणखी?"

"पँटी. चष्मा. एक कानातलं."

"दुसरं कानातलं कुणाचं होतं?"

"त्याच बाईचं. म्हणजे माझ्याच बायकोचं. चोरी होऊ नये म्हणून केलं हो सगळं."

"कधी झालीय चोरी?"

"कधीच नाही. म्हणजे पद्धत बरोबर आहे."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो नव्या कामगाराकडे बघायचा. "तपासणीच्या मशीनमध्ये आत इस्त्री दिसतेय. जहाजावर इस्त्रीला बंदी आहे. आग लागते. कागदावर छापलंय."

"वाचलं होतं. मला वाटलं, आपण तुमच्याकडे कपडे धुवायला टाकावेत म्हणून छापलंय."

"उघडा."

तो कुलपावर वाकला. आकडे मुंगीएवढे. त्यानं कुलूप नाकाशी नेलं, लांब धरलं, दिव्याखाली धरलं. ज्या चष्म्यानं ते आकडे दिसले असते, तो चष्मा आत होता.

"वेळ चाललाय," बाई म्हणाल्या. "नाहीतर सकाळी वरिष्ठ आल्यावर बघू."

सकाळी. आणि संध्याकाळचं जेवण आज. वर ती जाकिटाच्या बाह्या सरळ करत बसली असेल, आणि मरून ड्रेस दारात आला असेल. कुलूपराव बाईंच्या कानाशी गेला आणि नंबर पुटपुटला.

"मोठ्यानं. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही."

जो नंबर त्यानं बायकोला झोपेतसुद्धा मिळू दिला नव्हता, तो त्यानं त्या खोलीत, दोन पहारेकऱ्यांसमोर, घसा ताणून सांगितला. झाकण उघडलं आणि आत ठेवलेला भोंगा बोंबलायला लागला. बॅग परक्यानं उघडली की बोंबलावा म्हणून त्यानंच ठेवलेला. तो बंद कसा करायचा ते बारीक अक्षरांत भोंग्यावरच लिहिलेलं. शेवटी एका पहारेकऱ्यानं तो बादलीत बुडवला.

इस्त्री सापडली. हिरव्या स्कर्टात गुंडाळलेली, कारण कापड जाड होतं आणि आतलं दिसणार नाही असं त्याला वाटलं होतं.

"इस्त्री जमा. बॅगही राहील," बाई म्हणाल्या. "एवढ्या विचित्र बॅगेवर मी एकटी निर्णय घेणार नाही. सही करून फक्त एक वस्तू न्या. एकच."

कुलूपराव बघत राहिला. चष्मा समोर होता. काळी पँट समोर होती. उजवे बूट एका ओळीत, सगळे त्याच्याकडे तोंड करून. त्यानं स्कर्ट उचलला, झटकला आणि कुठे सही करायची ते विचारलं. बाईंनी त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं.

जेवणाच्या दालनात ती शिरली तेव्हा पायऱ्यांवर हिरव्या कापडाचा घेर एक एक पायरी मागून उतरत आला. पायात प्रवासातल्याच चपला होत्या, पण त्या कुणाला दिसल्या नाहीत. मागून कुलूपराव. वरून स्वतःचा कोट, खालून साडूची पँट. साडू त्याच्या दीडपट रुंद, त्यामुळे एक हात सतत कमरेला. "ठेवून घे," साडू मोठ्या मनानं म्हणाला होता. "मला तशीही आता होत नाही."

ताईनं बसल्या बसल्या बहिणीच्या जाकिटाची कॉलर उलटून बघितली.

"कुठून घेतलास? पट्टी दिसत नाही दुकानाची."

"शिवला."

"कुणी?"

"मी. माझ्यासाठी."

ताईनं शिलाई बघितली, अस्तर बघितलं, मग घेराचा काठ उचलून तोही बघितला. "भाड्याचा नाही ना?" ती म्हणाली. मग काठ सोडून तिनं स्वतःच्याच ड्रेसची बाही नीट केली. मरून ड्रेसची गोष्ट निघाली नाही.

कुलूपरावला खाद्यपदार्थांची यादी वाचता येईना. त्यानं अंदाजानं बोट ठेवलं आणि जे आलं ते मुकाट्यानं खाल्लं. बायको त्याच्याकडे बघत होती. आधी कौतुकानं. मग नुसतीच. मग कपाळाला एक बारीक आठी पडली.

"अहो, चष्मा होता ना त्या बॅगेत?"

"होता."

"आणि पँट?"

"होती."

"आणि तुम्ही माझा स्कर्ट उचललात."

"हो."

"कुलूप कुणी उघडलं?"

"त्या अधिकारी बाईंनी. मी नंबर सांगितला."

तिनं चमचा खाली ठेवला. लग्न झाल्यापासून तिनं या माणसाचा खिसा तपासला नव्हता, उशिरा आला तर कुठे होतात असं विचारलं नव्हतं, त्याच्या सगळ्या संशयांच्या मधोमध ती एकटी निर्धास्त बसून शिवत राहिली होती. आता ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकली, इतकी जवळ की चष्म्याशिवायही त्याला तिचे डोळे स्वच्छ दिसले.

"परक्या बाईला नंबर सांगितलात. स्वतःचं सगळं सोडून माझी वस्तू आणलीत. वर साडूची पँट घालून गप्प बसलायत," ती हळू आवाजात म्हणाली. "मी ओळखते तुम्हाला. हे तुम्ही नव्हे. माझ्याकडे बघा आणि खरं सांगा, काय लपवताय? जेवण गार झालं तरी चालेल, मला उत्तर हवंय."