दोनशे नॅनोमीटरांच्या मोहिमेची हकीकत

कोणाचे आज्ञेवरून नव्हे, केवळ सत्याचे भिडेस्तव हा मजकूर लिहिला असे. वाचणाराने हसू आवरून वाचावा.

दुसरे मजल्यावरील प्रयोगशाळेत, सहा वर्षे एकाच पदवीस वेढा घालून बसलेल्या संशोधक बाईसाहेब पिचकारीतून पॉलिमरचे द्रावण सोडीत, आणि सुईस वीस हजार व्होल्टांचा मारा देऊन समोरील पत्र्यावर डोळ्यांस न दिसणारा धागा उतरवीत. मार्गदर्शक साहेबांचा हुकूम सादर झाला की, शुक्रवारपर्यंत धागा जाडीस दोनशे नॅनोमीटरांचे आत यावा, न आलिया प्रबंध दाखल होणे नाही. आणि नोंदणीची मुदत तर त्याच महिन्यात सरत होती.

मग बाईसाहेबांनी कंबर कसली, आणि व्होल्ट चढविले, तरी धागा चारशेच. मग सुई मागे हटविली, तरी चारशेच. मग द्रावण पातळ केले, तों धाग्यास मणी फुटून माळ जाहली. बाईसाहेब स्टुलावर बसून रडल्या.

हे सफाईखात्याच्या मुखत्यार मावशींस बघवेना. पोरीचे काम धुळीने अडते ऐसे मनी आणून त्यांनी फरशी दोन वेळ, मग तीन वेळ पुसण्याची तजवीज केली, आणि फरशी जों जों लखलखे तों तों धागा जाड होई.

गुरुवारी मावशी दाढदुखीने रजेवर राहिल्या, आणि धागा एकशे नव्वद आला. साहेब बोलिले, योगायोग असेल, पुन्हा आणावा. शुक्रवारी मावशी बादलीसह दाखल जाहल्या, फडके फिरले, आणि भिंतीवरील दमटपणाचा काटा चढताना बाईसाहेबांनी पाहिला.

"मावशी, थांबा! ओल हवेत जाते, मग धागा नीट वाळत नाही, जाड राहतो."

"अगं बाई! म्हणजे इतके दिवस मीच तुझ्या मुळावर उठले होते?"

बाईसाहेबांनी त्यांचे ओले हात हाती धरिले, आणि रागाचा शब्द काढिला नाही. मग मावशींनी खोली कोरडी करून दारात तीन तास चौकी दिली, आणि वाफाळता चहा घेऊन आलेल्या खुद्द साहेबांस बाहेरूनच माघारी धाडिले. धागा एकशे ऐंशी उतरला.

प्रबंधाचे तक्त्यात व्होल्ट, सुईचे अंतर, द्रावणाचा दाटपणा, हवेचा दमटपणा ऐसी चार कलमे लिहिली. पाचवे कलम, "मावशींनी फरशी पुसली नाही", साहेबांनी खोडिले, बाईसाहेबांनी पुन्हा लिहिले, आणि त्याच कलमासह प्रबंध मुदतीत दाखल होऊन मोहीम फत्ते जाहली.